सूतिकागृहाची नोंदवही : इतिहासाचें एक उपेक्षित साधन

इतिहाससंशोधकाचा सर्व व्यवहार कागदाशीं असतो. सनदा, महजर, वतनपत्रें, ताळेबंद, शकावल्या, वंशावळी व जन्मपत्रिका हीं साधनें त्रैमासिकाच्या वाचकांस सुपरिचित आहेत. या साधनांत लढाईंत पडलेला शिपाई सांपडतो, वतनावरून भांडणारे भाऊबंद सांपडतात, दुष्काळांत गांव सोडून गेलेलें कूळहि सांपडतें. परंतु जन्मल्यापासून महिन्याच्या आंत मरण पावलेलें मूल या साधनांत जवळजवळ कोठेंच नाहीं. असें मूल गेलें नाहीं असें घर जुन्या काळीं विरळा. ज्या दुःखाचा अनुभव घरोघरीं होता, त्याचा कागद मात्र दफ्तरांत नाहीं, हा मोठा विचार करण्याजोगा प्रकार आहे.

या अभावाचें कारण काय, तो केव्हां व कसा भरून निघूं लागला, आणि ज्या कागदानें तो भरून निघाला तो कागद संशोधकानें कसा वाचावा, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत योजिला आहे. तो कागद म्हणजे रुग्णालयाच्या सूतिकागृहांतील प्रसूतीची नोंदवही. आमच्या मतें ही वही सनदेच्या तोडीचें साधन आहे.

विवेचनास एक स्थळ असावें म्हणून आम्हीं वरंध हा गांव घेतला आहे. वरंध महाडच्या पूर्वेस, बिरवाडीच्या पुढें, सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसलेला आहे. येथून घाट चढून हिरडोशीमार्गें भोरास जातां येतें. महाड हें सावित्रीकांठचें जुनें बंदर असल्यामुळें देश व कोंकण यांची देवघेव या वाटेनें होत असे. घाटावर पहारा ठेवणारा कावळा किल्ला आणि जवळची समर्थांची शिवथरघळ यांमुळें हा टापू वाचकांस अपरिचित नाहीं. ज्या वाटेनें पूर्वीं मिठाचे बैल चढत, त्याच वाटेच्या पायथ्याच्या वाड्यांतून आज अडलेली बाळंतीण महाडाकडे नेली जाते. या दोन गोष्टींमधील काळ कागदांवरून कसा मोजावा, हा आमचा विषय आहे.

१. कागद कां नाहीं

प्रथम धर्मशास्त्राकडे वळूं. कमलाकरभट्टाचा निर्णयसिंधु (इ. स. १६१२) व काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु (इ. स. १७९०) हे महाराष्ट्रांत व्यवहारांत असलेले ग्रंथ होत. त्यांत व त्यांनीं आधारास घेतलेल्या स्मृतींत बालमृत्यूची व्यवस्था स्पष्ट आहे. नामकरणापूर्वीं मेलेल्या बालकास अग्नि नाहीं, त्याचें खनन करावयाचें. त्यास पिंडोदक नाहीं. दहा दिवसांच्या आंत मूल गेलें तर जननाशौच चालूच असतें. मरणाचें वेगळें आशौच सपिंडांस धरावें लागत नाहीं. म्हणजे सोहेरांतच सुतक विरून जातें.

या व्यवस्थेंत निष्ठुरता आहे असें म्हणणें आम्हांस उचित वाटत नाहीं. ज्या समाजांत असे मृत्यु वारंवार घडत, त्या समाजानें शोकाचा भार हलका करण्याची योजलेली ती रीत होती. परंतु कागदाच्या दृष्टीनें तिचा परिणाम असा झाला कीं, ज्यास श्राद्ध नाहीं त्याची तिथि लक्षांत ठेवण्याचें प्रयोजन उरलें नाहीं. बारसें बाराव्या दिवशीं; त्यापूर्वीं गेलेल्यास नांवच नाहीं. ज्यास नांव नाहीं तो तीर्थोपाध्यायांच्या वहींत येत नाहीं, वंशावळींत येत नाहीं, आणि पुढें छापलेल्या कुलवृत्तांतांतहि त्यास जागा मिळत नाहीं.

जन्मपत्रिकांची गोष्ट याहून निराळी नाहीं. संग्राहकांजवळ जुन्या पत्रिकांचीं भेंडोळीं असतात. परंतु पत्रिका जपून ठेवली गेली ती जगलेल्या माणसाची. वराहमिहिराच्या बृहज्जातकांत अरिष्टाचा स्वतंत्र अध्याय आहे व पुढील जातकग्रंथांत बालारिष्टाचा विचार आयुर्दायाच्या आधीं येतो, यावरून बालमृत्यूचें भय किती सार्वत्रिक होतें तें दिसतें. अर्थात् शंभर पत्रिकांवरून त्या काळच्या आयुर्मानाचें अनुमान करूं पाहणारा संशोधक, परत आलेल्या नावा मोजून बुडालेल्या नावांचा हिशेब मांडणाऱ्या माणसासारखाच फसेल.

२. राजकुळाचा अपवाद

कागदानें ज्या अर्भकांची दखल घेतली तीं गादीशीं संबंध असलेलीं होतीं. सवाई माधवरावाचा जन्म १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर झाला, तेव्हां त्या एका प्रसूतीवर पेशवाईचें भवितव्य टांगलेलें होतें. त्याच किल्ल्यावर त्यापूर्वीं १४ मे १६५७ रोजीं संभाजीराजांचा जन्म झाला. मातोश्री सईबाईंची प्रकृति अशक्त होती. ५ सप्टेंबर १६५९ रोजीं राजगडावर त्यांचें निधन झालें. बालकास पाजण्यासाठीं कापूरहोळच्या गाडे घराण्यांतील धाराऊ हिची योजना झाली, ही परंपरा सर्वश्रुत आहे. वरंध घाट चढून भोरावरून पुढें गेलें कीं पुणें-सातारा रस्त्यावर जें कापूरहोळ लागतें, तेंच हें गांव.

धाराऊचें नांव राहिलें, कारण तिनें वांचविलेलें मूल राजपुत्र होतें. गांवोगांवच्या ज्या स्त्रियांनीं जावेच्या वा शेजारणीच्या पोरक्या मुलास अंगावर पाजून जगविलें, त्यांचीं नांवें गेलीं. मात्र त्यांच्या कृतीमागील तत्त्व गेलें नाहीं. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका रुग्णालयांत डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानें १९८९ सालीं मानवी दुधाची पेढी निघाली. आशियांतील ती पहिलीच. ज्या अपुऱ्या दिवसांच्या मुलांना स्वतःच्या आईचें दूध मिळूं शकत नाहीं, त्यांना इतर मातांनीं दिलेलें दूध तपासून, तापवून निर्जंतुक करून येथें दिलें जातें. धाराऊनें जें एका मुलासाठीं केलें तें पेढी अनेकांसाठीं करते. आणि पेढीच्या वहींत दूध देणारीची व दूध घेणाऱ्याची नोंद असते, हा आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचा फरक आहे.

३. ग्रंथांतील सूतिकागार

नवजाताचा कागद नसला तरी नवजाताचें शास्त्र आपल्याकडे विपुल आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानाचा आठवा अध्याय व सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानाचा दहावा अध्याय हे या विषयाचे मुख्य आधार. सुश्रुतानें सूतिकागार आठ हात लांब, चार हात रुंद, पूर्वेस किंवा दक्षिणेस दार असलेलें सांगितलें आहे. चरकानें त्यांत ठेवण्याच्या वस्तूंची मोठी यादी दिली असून, जवळ असणाऱ्या स्त्रिया अनेकदां प्रसूत झालेल्या, प्रेमळ व क्लेश सोसणाऱ्या असाव्यात असें म्हटलें आहे.

मूल निपचित जन्मलें तर काय करावें, हें चरकानें क्रमानें दिलें आहे : कानाच्या मुळाशीं दगडावर दगड वाजवावा, मुखावर थंड अथवा ऊन पाण्याचा शिपका द्यावा, सुपानें वारा घालावा, आणि प्राण परत येईपर्यंत हा प्रयत्न सोडूं नये. अलीकडील सूतिकागृहांत मूल कोरडें करून पाठ चोळतात आणि तरीहि श्वास न आल्यास पिशवी व मुखवटा यांनीं हवा देतात. साधनें पार बदललीं, परंतु न रडणारें मूल मेलेलेंच असतें असें नव्हे, हा मुख्य सिद्धान्त दोहोंकडे एकच आहे.

नाळेविषयीं दोन्ही ग्रंथ आठ अंगुळें सोडून कापण्यास सांगतात. चरकानें त्यासाठीं सोन्याचें, रुप्याचें किंवा लोखंडाचें तीक्ष्ण शस्त्र सांगितलें असून नाभि पिकल्यास करावयाचे उपचारहि दिले आहेत. दुधाविषयीं मात्र ग्रंथांत मतभेद आहे, आणि तो ध्यानांत घेण्यासारखा आहे. चरकाच्या मतें मधुसर्पि चाटविल्यावर लगेच प्रथम उजवा स्तन द्यावा. सुश्रुत प्रसूतेचें दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशीं उतरतें असें मानून तोंवर मध व तूप यांवर मुलास ठेवतो. पुढें लोकाचारांत सुश्रुताचा पक्ष प्रबळ झाला व पहिलें चिकाचें दूध पिळून टाकण्याची चाल पुष्कळ घरांत पडली. आजचें वैद्यक या बाबतींत चरकाच्या बाजूचें आहे, किंबहुना त्याच्याहि पुढें जाऊन जन्मल्यापासून तासाभराच्या आंत अंगावर पाजावें व मध मुळींच देऊं नये असें सांगतें. चिकांत रोगप्रतिकारक द्रव्यें असतात; मधांत क्वचित् असे जंतुबीज असतात कीं ते वर्षाच्या आंतील मुलास घातक ठरतात.

तिसरा ग्रंथ संग्राहकांस विशेष प्रिय व्हावा असा आहे. कौमारभृत्याचा मुख्य ग्रंथ जो काश्यपसंहिता, तो दीर्घकाळ केवळ नामशेष होता. नेपाळांत त्याची खंडित ताडपत्री पोथी मिळाली आणि राजगुरु हेमराज शर्मा व यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्या परिश्रमानें १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून तो प्रसिद्ध झाला. त्याच्या रेवतीकल्पांत जातहारिणींचें वर्णन आहे. गर्भांत, जन्मतांना वा जन्मल्यावर बालकास हरण करणाऱ्या अशा त्या. आधुनिक वाचक यास केवळ भुताटकी म्हणून सोडून देईल. परंतु मूल कोणत्या टप्प्यावर जातें याची विभागणी करण्याचा प्रयत्न त्यांत आहे, आणि तशी विभागणी हाच आजच्या गणतीचाहि पाया आहे.

४. सहावी रात्र

ग्रंथ एक, आचार दुसरा. वाडीवस्तीवर नाळ कापली जाई ती हाताशीं असेल त्या विळ्यानें, कोयत्यानें अथवा बांबूच्या धारदार चिपेनें. आणि जखमेवर राख, हळद, क्वचित् शेण लावलें जाई. धनुर्वाताचे जंतुबीज मातींत व शेणांत असतात. ते नाळेवाटे शिरले म्हणजे दोन-तीन दिवस चांगलें पिणारें मूल एकाएकीं दूध ओढेनासें होतें, जबडा आंवळतो, अंग ताठ होतें. हीं लक्षणें बहुधा तिसऱ्या व चौदाव्या दिवसांच्या दरम्यान, आणि त्यांतहि पहिला आठवडा भरण्याच्या सुमारास दिसतात.

पांचवी व सटवी यांच्या पूजेचा विचार या वैद्यकीय गोष्टीच्या शेजारीं ठेवून करावा असें आम्हांस वाटतें. पाटा, विळा किंवा कोयता, कोरा कागद व लेखणी मांडतात, दिवा विझूं देत नाहींत, रात्र जागवितात. सटवाई त्या रात्रीं कपाळीं लिहून जाते असें मानतात. षष्ठीची उपासना काश्यपसंहितेंतहि आहे. तिचा उगम सर्वस्वीं एका रोगांत शोधणें धाडसाचें होईल, कारण स्कंद व कृत्तिका यांचा संबंध तींत स्पष्ट आहे. परंतु धोक्याची रात्र नेमकी कोणती, हें आयांनीं व सुइणींनीं शतकानुशतकें पाहून ठरविलें होतें, एवढें म्हणण्यास हरकत नसावी. स्कॉटलंडच्या पश्चिमेस सेंट किल्डा नामक बेटांवर हाच रोग आठव्या दिवसाचा आजार म्हणून ओळखला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें नाळेची जंतुनाशक निगा सुरू झाली तेव्हां तो हटला. दोन परस्परांस अपरिचित समाजांनीं एकाच रोगाचा दिवस मोजला होता.

भारतांत गर्भवतीस धनुर्वाताची लस व स्वच्छ पात्यानें नाळ कापणें या दोन उपायांनीं हा रोग इतका मागें हटला कीं, २०१५ सालीं मातांचा व नवजातांचा धनुर्वात देशांतून निर्मूलन झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें. निर्मूलनाची कसोटी अशी कीं, प्रत्येक जिल्ह्यांत हजार जिवंत जन्मांमागें एकाहून कमी रुग्ण असावा. जिल्ह्याजिल्ह्यांतील जन्मांची व मृत्यूंची नोंद नसती तर ही कसोटी लावतांच आली नसती. सटवीच्या पाटावरील कोरा कागद अखेर लिहिला गेला तो असा.

५. नोंदवहीचा उदय

नोंदवहीचें सामर्थ्य जगास प्रथम व्हिएन्ना येथें दिसलें. तेथील मोठ्या रुग्णालयांत प्रसूतीचे दोन विभाग होते. एकांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. १८४६ सालीं पहिल्या विभागांत शेंकडा ११.४ बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यांत शेंकडा २.८. इग्नाझ सेमेलवाइस या वैद्यानें दोन वह्या शेजारीं ठेवून फरकाचें कारण शोधलें. विद्यार्थी शवच्छेदनाच्या खोलींतून थेट प्रसूतिगृहांत येत, हें त्याच्या ध्यानांत आलें व १८४७ सालीं त्यानें क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुणें सक्तीचें केलें. १८४८ सालीं पहिल्या विभागाचें प्रमाण शेंकडा १.२७ पर्यंत उतरलें. जंतूंची उपपत्ति तेव्हां प्रस्थापित झालेली नव्हती. जें झालें तें दोन पोथ्यांचे पाठ ताडून पाहणाऱ्या संपादकाच्या रीतीनें झालें.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर १८८६ हें वर्ष संस्मरणीय आहे. त्या वर्षीं मुंबईस स्त्रियांसाठीं कामा रुग्णालय उघडलें. त्याच वर्षीं जन्म, मृत्यु व विवाह यांच्या नोंदणीचा कायदा झाला, जरी त्यांतील नोंदणी ऐच्छिक होती. आणि त्याच वर्षीं मार्च महिन्यांत आनंदीबाई जोशी यांस फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची एम्. डी. पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र हा होता, व त्यांत जुन्या संस्कृत ग्रंथांतील विचार त्यांनीं पाश्चात्त्य विद्वानांपुढें मांडला. चौदाव्या वर्षीं त्यांस झालेला मुलगा अवघे दहा दिवस जगला होता, म्हणजे बारशापूर्वींच गेला. आईनें पुढें जें केलें त्यामुळें त्या दहा दिवसांचा उल्लेख चरित्रांतून राहिला. एरवीं तोहि राहिला नसता.

यानंतर मुंबईस नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह (१९२६) व बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय (१९२९) निघालें. स्वतंत्र भारतांत १९६९ सालीं जन्ममृत्यु नोंदणीचा कायदा होऊन जन्म, मृतजन्म व मृत्यु यांची खबर ठराविक मुदतींत देणें आवश्यक झालें, आणि रुग्णालयांतील प्रसूतीची खबर देण्याची जबाबदारी तेथील अधिकाऱ्यावर आली. ज्यास धर्मशास्त्रानें तिथि दिली नव्हती त्यास कायद्यानें तारीख दिली.

६. वहीचें वाचन कसें करावें

सूतिकागृहाच्या वहींत साधारणतः पुढील रकाने असतात : अनुक्रमांक, दाखल झाल्याची तारीख व वेळ, मातेचें वय, कितवें बाळंतपण, गर्भाचे आठवडे, प्रसूतीचा प्रकार, जन्माची वेळ, मुलाचें लिंग व वजन, जन्मतांच रडलें कीं नाहीं, जिवंत कीं मृत, घरीं सोडल्याची तारीख, आणि शेरा. हे रकाने जमाखर्चाच्या वहीप्रमाणें कोरडे दिसतात. परंतु जुन्या दफ्तरास आपण जे प्रश्न विचारतों तेच येथें विचारले तर वही बोलूं लागते.

पहिला प्रश्न शब्दार्थाचा. जन्मल्यावर श्वास, हृदयाचा ठोका, नाळेचें स्पंदन किंवा हालचाल यांपैकीं एकहि लक्षण दिसलें तर तें मूल जीवजात होय. मग तें क्षणांत गेलें तरी. व्यवहारांत असें मूल मृतजात म्हणून लिहिलें जाण्याचा संभव असतो, कारण त्यायोगें प्रश्न कमी विचारले जातात. म्हणून केवळ नवजातांचे मृत्यु पाहूं नयेत. मृतजन्म व पहिल्या सात दिवसांतील मृत्यु एकत्र धरावे. शिवाय मृतजात ताजें होतें कीं गर्भांत पूर्वींच कुजलेलें होतें, हा शेरा असल्यास बारकाईनें पहावा. पूर्ण वाढीचें, ताजें मृतजात हें बहुधा प्रसूतीच्या कळांत गेलेलें मूल असतें. म्हणजे त्याचें मरण वेळेवरच्या मदतीच्या अभावाशीं जोडलेलें असण्याचा संभव मोठा.

दुसरा प्रश्न अक्षराचा व अंकाचा. अडीच किलोग्रॅमपेक्षां कमी वजनाचें मूल कमी वजनाचें समजतात. एखाद्या वहींत २५०० ग्रॅम हा आंकडा वारंवार आणि २४०० च्या आसपासचे आंकडे क्वचितच आढळले, तर तेथें कांटा नव्हे, लेखक बोलत आहे असें समजावें. वजनें नेहमीं शंभराच्या पटींत आणि वेळा नेहमीं अर्ध्या तासाच्या पटींत असतील तर वही मागाहून भरली गेली असावी. मोडी कागदावरील शाईच्या एकसारखेपणावरून बनावट महजर ओळखणाऱ्यांस हें नवीन नाहीं.

तिसरा प्रश्न मुलाच्या पुढील प्रवासाचा. शेऱ्यांत ‘पुढें पाठविलें’ असें असेल तेथें कथा संपलेली नसते. तें मूल दुसऱ्या वहींत शोधावें लागतें, आणि बहुधा तेथें त्यास आईच्या नांवाखेरीज नांव नसतें. यामुळेंच लहान केंद्राची वही निष्कलंक व मोठ्या रुग्णालयाची वही काळीकुट्ट दिसते. मोठ्या रुग्णालयांत मृत्यु अधिक, म्हणून तेथील सेवा वाईट, असा निष्कर्ष काढणें म्हणजे तळ्यास मिळालेलें गढूळ पाणी तळ्यांतच निपजलें असें म्हणणें होय. कोठून, किती वेळानें व कोणत्या स्थितींत मूल आलें, हें जुळविल्याशिवाय दोन वह्यांची तुलना करूं नये.

चौथा प्रश्न कालमर्यादेचा. नवजात काळ अठ्ठावीस दिवसांचा. त्यांतील सुमारें तीनचतुर्थांश मृत्यु पहिल्या आठवड्यांत होतात. बाळंतीण मात्र बहुधा दोन-तीन दिवसांत घरीं जाते. म्हणून पांचव्या दिवसाचें मरण सूतिकागृहाच्या वहींत सांपडणार नाहीं. तें आशा कार्यकर्तीच्या वहींत पहावें. रुग्णालयांत झालेल्या प्रसूतीनंतर ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं घरीं जाऊन मूल पाहते. पहिल्या दोन भेटींच्या मध्यें आपली जुनी सहावी रात्र येते, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

७. आंकड्यांमागील अंतर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पांचव्या फेरींत (२०१९–२१) महाराष्ट्रांतील शेंकडा ९४.७ प्रसूति संस्थांत झाल्याचें आढळलें. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या अहवालाप्रमाणें हजार जिवंत जन्मांमागें नवजात मृत्यूंचें प्रमाण महाराष्ट्रांत ११ व देशांत २० होतें. ही प्रगति मोठी आहे. परंतु सरासरीचा आंकडा घाटाखालच्या वाडीस व मुंबईस एकाच ओळींत बसवितो.

वरंधच्या टापूंतील साधी प्रसूति जवळच्या आरोग्य केंद्रांत होऊं शकते. अडली तर महाडाकडे नेतात. आणि जिल्ह्याचें मुख्य रुग्णालय अलिबागेस, म्हणजे वरंधपासून शंभर किलोमीटरांहून दूर. अपुऱ्या दिवसांचें मूल या अंतरांत गार पडतें. गार पडलेलें मूल दूध ओढीत नाहीं, दूध न ओढल्यानें रक्तांतील साखर उतरते, आणि श्वास मंदावतो. म्हणून मुलास कोरडें करून, आईच्या उघड्या छातीशीं त्वचेस त्वचा लावून, वरून पांघरूण घालून नेणें हा उपाय सर्वांत स्वस्त व अत्यंत गुणकारी ठरला आहे. कोलंबिया देशांतील बोगोटा येथें १९७८ सालीं पेट्यांच्या अभावीं तो रुग्णालयांत योजला गेला व तेथून जगभर पसरला. पावसाळ्यांत या वाटेचा भरंवसा आणखी कमी. २२ जुलै १९२१ नव्हे, अगदीं अलीकडे २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये येथें दरड कोसळून गांवाचा घात झाला आणि महाड शहर सावित्रीच्या पुराखालीं गेलें. अशा रात्रीं कळा सुरू झालेल्या स्त्रीस ‘संस्थेंत प्रसूति’ या शब्दांचा अर्थ वेगळाच लागतो.

मोजणी व उपाय हातांत हात घालून कसे चालतात, याचें उत्तम उदाहरण गडचिरोली जिल्ह्यांतील आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनें प्रथम गांवोगांवचे जन्म व मृत्यु कसोशीनें मोजले, आणि मग ३९ गांवांत शिकविलेल्या आरोग्यदूत स्त्रियांकडून घरोघरीं नवजातांची निगा राखविली. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें तिसऱ्या वर्षापर्यंत तेथील नवजात मृत्यु शेंकडा ६२ नीं घटले. आधीं गणती नसती तर घट कोणास दिसली असती? उलट बाजूनेंहि पहावें. ९ जानेवारी २०२१ रोजीं भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या आजारी नवजातांच्या कक्षांत आग लागून दहा बालकें गेलीं. मूल रुग्णालयांत पोंचलें म्हणजे सुरक्षित झालें असें नव्हे. तेथील तारा, दारें, पहारा व माणसांची संख्या हीं सूतिकागाराचींच अंगें आहेत. चरकानें सूतिकागाराच्या वर्णनांत रक्षाविधि घातला तो उगाच नव्हे.

८. संग्राहकांस विनंति

आतां संग्राहक वाचकांनीं काय करावें तें सांगून लेख संपवितों. पोथ्यांच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर व वेष्टनाच्या कागदांवर घरांतील जन्मांचीं टिपणें आढळतात. ग्रंथाची प्रत करतांना तीं बहुधा वगळलीं जातात. तीं वगळूं नयेत. एखाद्या टिपणांत तिथि, घटका आहेत आणि नांवाची जागा कोरी आहे, असें दिसल्यास त्याची नक्कल अवश्य करावी. तेथें बारशापूर्वीं गेलेलें मूल असण्याचा संभव आहे. सुइणींना दिलेल्या इनामाच्या, लुगड्याच्या वा धान्याच्या नोंदी जमाखर्चांत असतील तर त्यांचे दिवस टिपावेत. दोन बाळंतपणांमधील अंतर व बारशाच्या खर्चाचा अभाव यांवरून पुष्कळ कळतें.

दवाखान्यांच्या व प्रसूतिगृहांच्या जुन्या वह्या, वार्षिक अहवाल व नगरपालिकांचीं जन्ममृत्यूचीं बाडें यांस कोंकणची ओल, वाळवी व पूर हे तिन्ही शत्रु आहेत. ज्या कचेरींत त्या कालबाह्य म्हणून निकालांत काढावयाच्या असतील, तेथें अर्ज करून रीतसर परवानगीनें त्या दफ्तरखान्यांत ठेवण्याची खटपट करावी. त्यांतील आकडे प्रसिद्ध करावेत, नांवें करूं नयेत. बाळंतिणीची वही ही तिच्या अंतःपुराची वही आहे; तिचा मान राखूनच तिचा इतिहास लिहिला पाहिजे.

मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें जमविणाऱ्या पिढीनें माळ्यावरचीं व बळदांतलीं दफ्तरें उतरविलीं तेव्हां लोकांस त्या रद्दीचें मोल कळलें. सूतिकागृहाच्या वह्या आज त्याच अवस्थेंत आहेत. वरंधच्या घाटानें कोण सरदार कोणत्या सालीं उतरला, हें आपण तिथीनिशीं सांगूं शकतों. त्याच घाटाच्या पायथ्याशीं त्या सालीं किती मुलें जन्मलीं आणि त्यांपैकीं किती बारशापर्यंत पोंचलीं, हा प्रश्नहि इतिहासाचाच आहे. मागील शतकांसाठीं त्याचें उत्तर तुटक टिपणांवरून जुळवावें लागेल; आपल्या शतकासाठीं तें वहींत लिहिलेलें आहे, आणि ती वही जपणें आपल्या हातीं आहे.